इसहाकाचे ताट



मागे एका घरी जेवायला गेलो होतो. जेवण झाल्यावर यजमान हळूच म्हणाले, "फादर, रानडुकराचं होतं. कुणाला सांगू नका." घास पोटात गेला होता, प्रश्न मात्र घशात अडकला.

मांसाहार पाप नाही. जलप्रलयानंतर देवाने नोहाला प्राणी अन्न म्हणून दिले. पण अट घातली: रक्त खायचे नाही, कारण रक्तात जीव आहे. लेवीयच्या 17व्या अध्यायात तर शिकाऱ्याने सावजाचे रक्त जमिनीवर ओतून मातीने झाकावे, अशी आज्ञा आहे. जीव देवाचा, याची ती आठवण होती.

आपल्या आजोबांनी भुकेपोटी ससा मारला असेल. आपण जिभेसाठी आणि मिरवण्यासाठी रानातले मांस मागतो. परवानगीवाचून केलेली अशी शिकार 1972च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने गुन्हा आहे. "मी मारले नाही, फक्त शिजवले," ही पळवाट झाली. गिऱ्हाईक असते म्हणूनच फासे लागतात.

इसहाकाने एसावाकडे शिकारीचे रुचकर जेवण मागितले. रिबकाने घरच्या करडांचे कालवण केले आणि म्हाताऱ्याला फरक कळला नाही! चव रानात नव्हती, रांधणाऱ्या हातात होती.

जे शेजाऱ्यापासून लपवून खावे लागते, त्यावर आशीर्वाद कसा मागायचा? त्या दिवशी मी यजमानांना काहीच बोललो नाही. ते मौन ही माझी चूक होती. ती आज दुरुस्त करतो.

तुमचा,
फादर