हक्काची तारीख

4 एप्रिल 1896 रोजी सॅन फ्रान्सिस्कोत स्टॅनफर्ड आणि बर्कली या विद्यापीठांच्या मुलींमध्ये बास्केटबॉलचा सामना झाला. स्त्रियांचा हा पहिला आंतरविद्यापीठीय सामना मानला जातो. स्टॅनफर्डने तो 2-1 असा जिंकला. प्रेक्षक म्हणून पुरुषांना मात्र मज्जाव होता. धावणाऱ्या, उड्या मारणाऱ्या मुलींना परपुरुषाने पाहू नये अशी त्या काळाची रीत. आज अमेरिकेत स्त्रियांच्या व्यावसायिक बास्केटबॉलला वर्षातला एक खास, मानाचा दिवस हवा असा विचार मांडला जातो, तेव्हा या बंद दाराची आठवण ठेवलेली बरी. जो खेळ कुणाच्या नजरेला पडू नये असे वाटत होते, तो आता साऱ्या देशाने एका ठरलेल्या दिवशी पाहावा असे म्हटले जाते आहे. हे अंतर काटायला सव्वाशेहून जास्त वर्षे लागली.

पुरुषांच्या खेळांना असे दिवस कसे मिळाले? परंपरा म्हणून जे आज मिरवते, त्याच्या मुळाशी बऱ्याचदा धंद्याची अक्कल सापडते. 1934 मध्ये डेट्रॉइटचा लायन्स हा अमेरिकन फुटबॉलचा संघ शहरात नवा होता. त्याचे मालक जॉर्ज रिचर्ड्स रेडिओ स्टेशनही चालवत. थँक्सगिव्हिंगच्या सुट्टीला त्यांनी शिकागो बेअर्सशी सामना लावला आणि तो देशभर रेडिओवरून ऐकवला. लायन्स त्या दिवशी हरले. पण तारीख टिकली. 1939 ते 1944 चा खंड सोडला, तर डेट्रॉइट आजही त्या दिवशी खेळते. एनबीए या पुरुषांच्या बास्केटबॉल लीगनेही 1947 पासून नाताळचा दिवस असाच आपलासा केला. संघ जिंको वा हरो, गावची जत्रा जशी पिकाकडे न पाहता तिथीला भरते, तसे हे दिवस लोकांच्या अंगवळणी पडले.

स्त्रियांच्या वाट्याला आले ते प्रसंग. 22 फेब्रुवारी 1975 रोजी न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये इमॅक्युलाटा आणि क्वीन्स या महाविद्यालयांच्या मुली खेळल्या, तेव्हा जवळपास 12 हजार लोक आले. त्याच्या तीन वर्षे आधी, 1972 मध्ये, शिक्षणसंस्थांतल्या लिंगभेदाला मनाई करणारा ‘टायटल नाइन’ हा कायदा झाला होता आणि मुलींच्या खेळाला मैदान, प्रशिक्षक, शिष्यवृत्त्या मिळू लागल्या होत्या. डिसेंबर 1978 मध्ये स्त्रियांची पहिली व्यावसायिक लीग सुरू झाली आणि तीन हंगामांत आटोपली. प्रसंग गाजत होते. पण एका प्रसंगातून पुढचा हमखास निघेल, अशी सोय कुठेच नव्हती.

21 जून 1997 या शनिवारी डब्ल्यूएनबीए या स्त्रियांच्या नव्या व्यावसायिक लीगचा पहिला सामना लॉस एंजेलिसजवळच्या इंगलवुडमध्ये झाला. 14 हजारांवर प्रेक्षकांसमोर न्यूयॉर्क लिबर्टीने लॉस एंजेलिस स्पार्क्सला 67-57 असे हरवले. लीगने उन्हाळा निवडला, कारण तेव्हा पुरुषांच्या बास्केटबॉलचा हंगाम संपलेला असतो, स्टेडियम रिकामी असतात आणि टीव्हीवर जागा असते. निर्णय व्यवहाराचा होता, शहाणपणाचाही होता. पण त्यातून एक सवय जडली, दुसऱ्यांचे आटोपल्यावर उरेल त्या वेळात आपले बसवण्याची. उन्हाळी शिबिरांतल्या मुलांना बसने आणता यावे म्हणून कामाच्या दिवशी भर सकाळी सामने ठेवायची प्रथाही तिथे आहे. मुले आरडाओरडा करून स्टेडियम दणाणून सोडतात, आणि त्यातूनच उद्याचा प्रेक्षक घडतो. मात्र नोकरी करणारा चाहता त्या वेळी कचेरीत असतो.

मग लीगच्या निवडक खेळाडूंचा ऑल-स्टार सामना आला. 14 जुलै 1999 रोजी मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये पहिला सामना झाला, व्हिटनी ह्यूस्टनने राष्ट्रगीत गायले. हाच आपला मानाचा दिवस असे तेव्हा वाटले असेल. पण 2008, 2012 आणि 2016 या ऑलिंपिकच्या वर्षांत तो झालाच नाही. उत्तम खेळाडू राष्ट्रीय संघात, मग सामना कशाला? पुढे 2021 आणि 2024 मध्ये राष्ट्रीय संघाविरुद्धच ऑल-स्टार खेळवून वाट काढली गेली. 2021 मध्येच ‘कमिशनर्स कप’ आला. पाच लाख डॉलरांची बक्षिसे ठेवून हंगामाच्या मध्यावर चुरस आणण्याचा तो प्रयत्न. दोन्ही कल्पना चांगल्या, पण दोन्हींची तारीख सोयीप्रमाणे सरकते. सरकणाऱ्या दिवसाभोवती लोक आपले बेत आखत नाहीत.

2024 मध्ये केटलिन क्लार्क ही गर्दी खेचणारी खेळाडू लीगमध्ये आली आणि प्रश्न सुटल्यासारखा वाटला. त्या सप्टेंबरात वॉशिंग्टनमध्ये तिच्या इंडियाना फीव्हरविरुद्धच्या सामन्याला 20,711 प्रेक्षक आले, लीगच्या नियमित हंगामातला विक्रम झाला. पुढच्या वर्षी ऑल-स्टार तिच्याच इंडियानापोलिसला होता आणि ती दुखापतीमुळे खेळू शकली नाही. एका खेळाडूवर उभा केलेला उत्सव तिच्या एका स्नायूवर अवलंबून राहतो. तारखेला दुखापत होत नाही.

म्हणून मला वाटते, दिवस शोधायला बाजारात जाऊ नये, इतिहासात जावे. 21 जूनच्या जवळचा शनिवार दरवर्षी पक्का करावा. लीगचा जन्म त्या तारखेचा. ‘टायटल नाइन’वर सही झाली ती 23 जूनला. त्या दिवशी सगळे संघ दुपारपासून रात्रीपर्यंत एकामागून एक खेळावेत, आणि प्रत्येक सामन्याचा निकाल हंगामात धरला जावा. नुसत्या प्रदर्शनाच्या सामन्यात कुणी जीव तोडून बचाव करत नाही. 2025 चा ऑल-स्टार 151-131 असा संपला, यातच काय ते आले. 2028 चे लॉस एंजेलिस ऑलिंपिक 14 जुलैला सुरू होणार आहे, म्हणजे ऑल-स्टारपुढे पुन्हा तोच पेच. जूनच्या शनिवारला त्याची झळ नाही.

आक्षेप उघड आहे. एनबीएची अंतिम फेरी कधीकधी याच दिवसांपर्यंत रेंगाळते. 2025 मध्ये ती 22 जूनला संपली. त्या वर्षी मथळे कुणाचे असतील? बहुधा त्यांचेच. तरीही तारीख हलवू नये. गर्दी पाहून एकदा बाजूला झाले, की पुढच्या वेळी बाजूला होण्याचीच अपेक्षा धरली जाते, आणि ऑल-स्टारच्या गाळलेल्या वर्षांनी नेमके तेच शिकवले आहे.

राहिला पैशाचा प्रश्न, आणि तो सर्वांत अवघड. इंडियानापोलिसच्या त्या ऑल-स्टारमध्ये सरावाच्या वेळी खेळाडूंनी ‘आमचे देणे आम्हाला द्या’ अशा अर्थाचे टी-शर्ट घातले होते. लीगने 2026 पासूनच्या 11 वर्षांसाठी सुमारे 2.2 अब्ज डॉलरांचे प्रक्षेपण-करार केले होते, आणि त्या वाढत्या कमाईत आपला वाटा किती, हे त्या विचारत होत्या. लीगने सजवलेल्या दिवशी सगळ्यांत जास्त बोलले गेले ते या कापडावरच्या ओळीबद्दल. नवा दिवस ठरवताना हे ध्यानात हवे. त्या दिवसाच्या तिकीट-प्रक्षेपणाच्या कमाईतला ठरलेला हिस्सा खेळाडूंना जाईल, हे तारखेबरोबरच करारात लिहिले जावे. 1896 मध्ये कोणी पाहायचे ते इतरांनी ठरवले होते. आता दाखवायचे कधी, आणि त्याचे मोल किती, हे ठरवताना खेळणाऱ्या बायका टेबलाशी बसलेल्या असाव्यात. तसे झाले, तर पहिल्या वर्षी निम्मी आसने रिकामी राहिली तरी तो दिवस त्यांचाच असेल.