बुडालेली ठेव

जोतीराव फुल्यांनी १८७३ साली ‘गुलामगिरी’ प्रसिद्ध केली आणि गुलामांना दास्यातून सोडवणाऱ्या अमेरिकेतल्या सदाचारी लोकांना ती अर्पण केली. पुण्यातून पाहताना तिकडचं एक मोठं काम तडीस गेल्यासारखं दिसत होतं. पुढच्याच वर्षी, १८७४च्या जूनमध्ये, अमेरिकेत फ्रीडमन्स बँकेला टाळं लागलं.

नुकत्याच मुक्त झालेल्या कृष्णवर्णीयांसाठी १८६५मध्ये राष्ट्राध्यक्ष लिंकन यांच्या सहीने ही बँक सुरू झाली होती. सैनिकांनी, शेतमजुरांनी, कपडे धुणाऱ्या बायकांनी तिच्यात पै-पै साठवली. सनद अमेरिकी काँग्रेसची, त्यामुळे पैशाला सरकारची हमी आहे असंच ठेवीदार धरून चालले होते. तशी हमी नव्हती. बँकेच्या अर्थसमितीवरच्या गोऱ्या मंडळींनी ठेवी रेल्वेच्या सट्ट्यात आणि ओळखीच्या धंदेवाल्यांना दिलेल्या कर्जांत घातल्या. बँक डबघाईला आल्यावर कृष्णवर्णीयांचे नेते फ्रेडरिक डग्लस यांना अध्यक्ष करण्यात आलं. त्यांनी पदरचे १० हजार डॉलर घातले, तरी ती वाचली नाही. ६१ हजार ठेवीदारांचे सुमारे ३० लाख डॉलर अडकले. कित्येकांना त्यातला एक छदामही परत मिळाला नाही.

अमेरिकेतल्या काळ्या-गोऱ्यांमधल्या संशयाची चर्चा बहुतेक वेळा मनांच्या अंगाने होते. पूर्वग्रह सोडा, एकमेकांच्या घरी जा, जेवा, बोला. हे सगळं चांगलंच आहे. पण या बँकेची कहाणी वेगळं काही सांगते. कृष्णवर्णीयांनी विश्वास टाकला होता, रोख पैशांत टाकला होता, आणि तो संस्थांनी बुडवला. पुढच्या शंभर वर्षांत हे वारंवार घडत राहिलं.

अलाबामातल्या टस्कीगीचं प्रकरण बहुतेकांना ओझरतं तरी ठाऊक असतं. १९३२पासून सरकारच्या सार्वजनिक आरोग्य सेवेने तिथल्या ६०० कृष्णवर्णीय पुरुषांना एका अभ्यासात घेतलं. त्यातल्या ३९९ जणांना सिफिलिस होता. त्यांना तसं कधी सांगितलं नाही. ‘रक्त बिघडलंय’ एवढंच सांगितलं. तपासणी फुकट, जेवण फुकट, मेल्यावर अंत्यविधीच्या खर्चाचीही सोय. त्यांना ने-आण करणारी नर्स त्यांच्यातलीच, कृष्णवर्णीय होती; म्हणून तर ते निर्धास्तपणे येत राहिले. पेनिसिलीन हा रामबाण उपाय हाती आल्यावरही ते त्यांना दिलं गेलं नाही. हे १९७२मध्ये वर्तमानपत्रांत आलं तेव्हा कुठे थांबलं. राष्ट्राध्यक्ष क्लिंटन यांनी माफी मागितली ती १९९७ साली. एवढं झाल्यावर एखादा म्हातारा सरकारी दवाखान्याची पायरी चढायला कचरत असेल, तर त्याला अडाणी म्हणणं अन्याय्य आहे.

पण संशय सगळ्यांत खोल रुजला तो घरांच्या व्यवहारात.

१९३०च्या दशकात घरकर्जांसाठी सरकारी यंत्रणेने शहरांचे नकाशे काढले, तेव्हा कृष्णवर्णीयांच्या वस्त्या धोक्याच्या म्हणून लाल रंगाने दाखवल्या. १९३४मध्ये स्थापन झालेल्या गृहनिर्माण प्रशासनाने अशा वस्त्यांतल्या कर्जांना विमा नाकारला आणि गोऱ्यांच्या नव्या उपनगरांना हात सैल सोडून दिला. दुसऱ्या महायुद्धातून परतलेल्या सैनिकांसाठी स्वस्त घरकर्जाचा कायदा झाला. मिसिसिपीत १९४७ साली त्याखाली तीन हजारांहून अधिक कर्जांना हमी मिळाली. त्यातली कृष्णवर्णीय सैनिकांची कर्जं दोन.

मग दलाल आले. शिकागोसारख्या शहरांत ते गोऱ्यांच्या वस्तीत एखादं घर कृष्णवर्णीय कुटुंबाला विकत, किंवा पैसे देऊन एखाद्या कृष्णवर्णीय बाईला बाबागाडी ढकलत त्या रस्त्याने फिरायला सांगत. मग दारोदार जाऊन सांगत, ‘आता भाव कोसळणार, वेळेत विका.’ घाबरलेले गोरे पडत्या भावात विकत. तेच घर दलाल दुप्पट किमतीला कृष्णवर्णीय गिऱ्हाइकाला देत. बँक त्याला कर्ज देत नसल्यामुळे व्यवहार हप्त्यांच्या करारावर होई, आणि एक हप्ता चुकला तरी घर आणि भरलेले पैसे दोन्ही जात. शिकागोच्या नॉर्थ लॉनडेलमधल्या अशा खरेदीदारांनी १९६८मध्ये संघटना बांधून हप्ते रोखून धरले.

इथे नीट थांबून पाहिलं पाहिजे. गोऱ्या कामगाराचं नुकसान खरं होतं. आयुष्याची पुंजी त्या घरात होती. त्याच्या मुलांनी ऐकलं, ‘ते आले आणि आपलं घर मातीमोल झालं.’ पलीकडच्या मुलांनी ऐकलं, ‘आपण आलो आणि ते पळाले.’ दोन्ही आठवणी प्रामाणिक आहेत. पैसा खाऊन गेलेला दलाल आणि त्याला मोकळं रान देणारी सरकारी नियमावली मात्र दोघांच्याही गोष्टीतून निसटली. तरीही दोन्ही बाजू सारख्याच दोषी, असं म्हणता येत नाही. एकाला स्वस्तात का होईना विकून दुसरीकडे सरकारी मदतीने घर घेता आलं. दुसऱ्याला ती वाटच बंद होती. २०२२च्या फेडरल रिझर्व्हच्या पाहणीत गोऱ्या कुटुंबाची मध्यक संपत्ती सुमारे २ लाख ८५ हजार डॉलर आणि कृष्णवर्णीय कुटुंबाची सुमारे ४५ हजार डॉलर भरली. ही तफावत हवेतून आलेली नाही.

गेलेला विश्वास परत येतो का? फिलाडेल्फियातल्या बालशल्यविशारद डॉ. अला स्टॅनफर्ड यांनी २०२०च्या वसंतात त्याचं उत्तर दिलं. कोविडच्या चाचण्या कृष्णवर्णीय वस्त्यांपर्यंत पोहोचत नव्हत्या. त्यांनी गाडी काढली, चर्चच्या आवारात चाचण्या सुरू केल्या. विमा नसला तरी कोणाला परत पाठवलं नाही. लोकांनी रांगा लावल्या. पुढे लसीसाठीही लावल्या. ज्यांना ‘लस घ्यायला तयार नसलेला समाज’ म्हटलं जात होतं, तेच हे लोक.

या सगळ्याशी मराठी माणसाचा संबंध फुल्यांच्या अर्पणपत्रिकेपाशी संपत नाही. १९४६मध्ये डॉ. आंबेडकरांनी कृष्णवर्णीय विचारवंत डब्ल्यू. ई. बी. डू बॉइस यांना पत्र लिहून संयुक्त राष्ट्रांपुढे मांडलेल्या कृष्णवर्णीयांच्या निवेदनाच्या प्रती मागवल्या. १९७२मध्ये मुंबईत दलित पँथर उभी राहिली ती अमेरिकेतल्या ब्लॅक पँथरकडे पाहत. आणि अमेरिकेची दारं भारतीयांना मोकळेपणाने उघडली ती १९६५च्या कायद्याने, नागरी हक्कांच्या चळवळीने देश हलवून सोडल्यावर. वर्ण पाहून घर नाकारण्यास बंदी करणारा कायदा १९६८ सालचा, मार्टिन ल्यूथर किंग यांच्या हत्येनंतर आठवड्याभरात सही झालेला. न्यू जर्सीच्या उपनगरांत मराठी कुटुंबं निर्धास्तपणे घरं घेतात ती याच कायद्याच्या आधाराने.

तिथली आपली भाची किंवा मावसबहीण फोनवर सहज सांगते, ‘न्यूअर्कचा तो भाग चांगला नाही, आम्ही तिकडे जात नाही.’ त्या वेळी तिला एवढंच विचारा, तो भाग तसा कोणी केला. आणि तिला माहीत नसेल, तर शोधायला सांगा. ते जुने नकाशे आता सगळ्यांना पाहता येतात.