व्रत, नवस आणि बंद दार

कोणी रोमन कॅथलिक तरुणी बंद मठात गेली, तिने पहिली व्रते घेतली, असे कानावर आले म्हणजे आपल्या मंडळ्यांत साधारणपणे दोन उद्गार निघतात. कोणी म्हणते, "बिचारी!" कोणी म्हणते, "शिकलीसवरलेली मुलगी, जन्म फुकट घालवला." पहिल्या उद्गारात असे गृहीत असते की तिला कोणीतरी कोंडले आहे, दुसऱ्यात असे, की भिंतीआडच्या जीवनाचा जगाला काडीचा उपयोग नाही. शाळा चालवणाऱ्या, दवाखान्यांत रात्री जागवणाऱ्या धर्मभगिनींविषयी आपण असे बोलत नाही. गोवा, बेळगाव, इंदूर, बडोदे येथील आपल्या किती तरी मुलामुलींनी त्यांच्याच शाळांत पाटी गिरवली. प्रश्न येतो तो जाळीपलीकडे जाऊन पुन्हा बाहेर न येणारीचा. हे दोन्ही उद्गार एकदा तपासून पाहावेत असे आम्हांस वाटते. कारण त्यांच्या पोटात एक प्रश्न आहे आणि तो एकट्या रोमन मंडळीचा नाही: माणसाने आपले सगळे उद्याचे दिवस आजच देऊन टाकावेत काय? तसे करण्याचा त्याला अधिकार तरी आहे काय?

एक उदाहरण घेऊ. फ्रान्सच्या नॉर्मंडी प्रांतात लिझ्यू नावाचे गाव आहे. तेथील कार्मेल मठात ९ एप्रिल १८८८ रोजी तेरेज मार्टिन नावाची पंधरा वर्षांची मुलगी दाखल झाली. रोमन मंडळीत तिला लहान तेरेजा म्हणतात. तिच्या दोन थोरल्या बहिणी त्या मठात आधीच होत्या. वय लहान म्हणून मठावर देखरेख करणाऱ्या धर्मगुरूने तिला नकार दिला होता. तेव्हा ती बिशपांकडे गेली, आणि नोव्हेंबर १८८७ मध्ये रोमला जाऊन तेरावे लिओ पोप यांच्यापुढे गुडघे टेकून तिने स्वतःच परवानगी मागितली. येथे कोंडणारा कोणी नव्हता. दार उघडा म्हणून धडका देणारी तीच होती.

आत काय होते? सुमारे पंचवीस बायका. उन्हाळ्यात पहाटे पाचच्या आधी उठणे, ठरल्या वेळी स्तोत्रे म्हणणे, रोज दोन तास मूक प्रार्थना. उरलेल्या वेळात शिवण, धुणे, झाडलोट. बोलायचे ते दिवसातून दोनदा, ठरलेल्या वेळी. ताटात मांस नाही, आणि सप्टेंबरच्या मध्यापासून पुनरुत्थानाच्या सणापर्यंत लांबलचक उपास. नॉर्मंडीचा हिवाळा कडक, पण शेकोटी असलेली खोली एकच. भेटीस आलेल्या आप्तांशी जाळीआडून बोलायचे, आणि वस्तूंची देवघेव भिंतीतल्या फिरत्या कपाटातून करायची.

पण हे सारे सोपे म्हणावे असे आणखी एक कठीण काम होते, आणि तेरेजने आपल्या आठवणींत ते मोकळेपणाने लिहिले आहे. प्रार्थनेला तिच्या मागे बसणारी एक भगिनी सतत कसला तरी बारीक खटखट आवाज करी. तो ऐकून तेरेजच्या अंगाला घाम फुटे. धुण्याच्या वेळी समोरची एक भगिनी मळके पाणी तिच्या तोंडावर उडवी. मागे वळून रागाने बघावेसे वाटे, तोंड पुसून तिला समज द्यावीशी वाटे. ती तसे करीत नसे. बंद मठ म्हणजे दर्शने आणि धूपाचे ढग, अशी आपली कल्पना असते. खरे पाहता तो आपण न निवडलेल्या माणसांबरोबर जन्मभर एका छपराखाली राहण्याचा धडा आहे. भरल्या घरात सासरी नांदलेल्या कोणत्याही बाईला तो नवा वाटू नये.

तिचा उमेदवारीचा काळ जानेवारी १८८९ मध्ये सुरू झाला. वर्षाने व्रते व्हायची, ती वरिष्ठांनी आठ महिने पुढे ढकलली. त्याच काळात तिच्या वडिलांचे मन आजाराने बिघडले आणि त्यांना कां शहरातील मनोरुग्णालयात ठेवावे लागले. अखेर ८ सप्टेंबर १८९० हा दिवस ठरला, आणि आदल्या रात्री तिच्या मनात वादळ उठले. हे जीवन आपल्यासाठी नाही, आपण सर्वांना फसवीत आहोत, असे तिला वाटू लागले. तिने ते दडपले नाही. उमेदवारांच्या शिक्षिकेला बाहेर बोलावून सांगितले, नंतर मठाच्या प्रमुखबाईंनाही सांगितले. त्यांनी तिला धीर दिला आणि सकाळी तिने व्रते घेतली. त्या काळी त्या मठात पहिली व्रते हीच अखेरची असत. सात वर्षांनी, चोविसाव्या वर्षी, क्षयाने ती वारली.

त्या रात्रीचा प्रसंग आम्हांला सबंध कथेतला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. जिला शंकाच येत नाही तिच्या व्रताचे वजन कसे करावे? आणि शंका आली असताना जिला ती कोणापाशी बोलता येत नाही, तिच्या तोंडून निघालेल्या शब्दांना व्रत तरी कसे म्हणावे?

आपल्या भाषेत येथे दोन शब्द आहेत. नवस आणि व्रत. नवसात अट असते: अमुक दे, मग मी तमुक देईन. हन्नाने पुत्र मागितला आणि तो परमेश्वराला वाहीन असे म्हटले. व्रतात ही देवघेव नाही. पवित्र शास्त्राच्या आपल्या भाषांतरात दोहोंसाठी बहुधा नवस हाच शब्द येतो, त्यामुळे शब्बाथ शाळेत शिकवताना हा फरक निसटून जातो. इफ्ताहाची गोष्ट सांगताना तर शिक्षकांची पंचाईतच होते. नवस बापाने केला आणि त्याची किंमत लेकीने मोजली. मुलेही विचारतात, तिला कोणी विचारले होते का?

हा बालिश प्रश्न नव्हे. युरोपात कित्येक शतके घरोघर इफ्ताह होते. व्हेनिसमध्ये मोठ्या घरच्या मुलीच्या लग्नाचा हुंडा बापाला झेपेनासा झाला की मुलीला मठात घालीत, कारण मठाला द्यायची रक्कम पुष्कळच कमी असे. (हुंड्यापायी मुलींचे काय होते हे आपल्याला कोणी शिकवायला नको.) आर्कांजेला ताराबोत्ती ही अशीच एक. १६०४ साली जन्मलेली, मनाविरुद्ध मठात गेलेली. तिने तेथेच बसून बापांच्या जुलमाविरुद्ध जळजळीत ग्रंथ लिहिला. तो तिच्या मृत्यूनंतर १६५४ मध्ये छापला गेला. ट्रेंटच्या धर्मसभेने १५६३ मध्येच ठराव केला होता की कोणा स्त्रीला बळाने मठात घालणारा बहिष्कृत समजावा, आणि व्रतापूर्वी बिशपाने मुलीची इच्छा स्वतः तपासावी. ठराव चांगला होता. हुंडा त्याहून बलवान ठरला.

आपल्या सुधारकांचा मठांवरचा राग या पार्श्वभूमीवर समजून घ्यावा लागतो. लूथर स्वतः मठवासी होते. १५२१ मध्ये त्यांनी मठाच्या व्रतांवर ग्रंथ लिहिला. देवापुढे पुण्य साठवण्यासाठी घेतलेले व्रत विश्वासाच्या विरुद्ध आहे, आणि म्हणून ते बंधनकारक नाही, हे त्यांचे म्हणणे. पुढे १५२३ च्या पुनरुत्थानाच्या सणाच्या सुमारास निम्ब्शेनच्या मठातून काही धर्मभगिनी रातोरात पळाल्या. तोर्गाव येथील एका व्यापाऱ्याने आपल्या गाडीतून त्यांना बाहेर काढले. त्यांच्यातली कॅथरीना फॉन बोरा दोन वर्षांनी लूथरची पत्नी झाली. ही हकिकत आपल्याकडे आवडीने सांगितली जाते, आणि सांगावी.

तिची जोडगोष्ट मात्र सांगितली जात नाही. १५२५ मध्ये न्युरेंबर्ग शहराने सुधारणा स्वीकारली, तेव्हा तेथील संत क्लाराच्या मठातून तीन तरुण भगिनींना त्यांच्या आयांनी रडतओरडत असताना ओढून बाहेर नेले. मठाच्या प्रमुख कारितास पिर्कहाइमर या मोठ्या विदुषी होत्या. त्यांची भेट घेण्यास लूथरचे सहकारी मेलांख्तोन आले. दोघांचे बहुतेक मुद्द्यांवर जमले, व्रतावर तेवढे जमले नाही. ते म्हणत, व्रत बांधत नाही. त्या म्हणत, देवाला जे दिले ते पाळलेच पाहिजे. पण भगिनींना बळाने बाहेर काढू नये असा सल्ला मेलांख्तोन यांनी दिला आणि तो बराचसा मानला गेला. वाचकहो, व्हेनिसच्या बापाने मुलीला आत ढकलले आणि न्युरेंबर्गच्या आईने मुलीला बाहेर ओढले. दोघांच्या हाताखाली मुलीचे मन सारखेच चिरडले गेले.

आज नियम बदलले आहेत. १९१७ च्या धर्मविधी संहितेने कायमच्या व्रतांपूर्वी निदान तीन वर्षांची मुदतीची व्रते ठरवली. बंद मठांसाठी रोमने २०१८ मध्ये काढलेल्या नियमांप्रमाणे दारात पाऊल टाकल्यापासून कायमच्या व्रतापर्यंत निदान नऊ वर्षे गेली पाहिजेत. 'पहिली व्रते' म्हणजे याच वाटेवरचा एक टप्पा. त्यांची मुदत संपली की तिला घरी जाण्याची मोकळीक असते. भीतीने किंवा फसवून घेतलेले व्रत मुळातच रद्द धरतात. आता आपण आपल्याकडे पाहू. मुलगी पाहायला मंडळी येतात तेथपासून वेदीसमोर जन्मभराचे वचन देईपर्यंत किती महिने जातात? तीन रविवार मंडळीपुढे नावे वाचली, कोणी हरकत घेतली नाही, झाले.

आणि ते वचनही उद्याचेच असते. नवरा आजारी पडेल की नोकरी गमावेल, हे वधूला कोठे ठाऊक असते? सारे ठाऊक असते तर वचनाची गरजच नव्हती. म्हणून जन्मभराचे वचन देणे हेच चूक, असे म्हणण्याची सोय आपल्याला नाही. व्रताने स्वातंत्र्य संपते हेही आम्हांला पटत नाही. जो कशालाच बांधून घेत नाही त्याचे स्वातंत्र्य बाजारात हिंडणाऱ्या माणसाच्या पिशवीतील पैशांसारखे आहे. खर्च करीपर्यंत त्याचे काहीच येत नाही.

आमची हरकत दुसरीकडे आहे आणि ती कायम आहे. ती आज्ञापालनाच्या व्रताविषयी. वरिष्ठाचा शब्द हाच देवाचा शब्द, असे मानून आपली सदसद्विवेकबुद्धी दुसऱ्याच्या हाती देता येते काय? येथे पंडिता रमाबाईंची आठवण येते. त्यांचा बाप्तिस्मा २९ सप्टेंबर १८८३ रोजी इंग्लंडमध्ये वाँटेज येथे झाला, तोही अँग्लिकन धर्मभगिनींच्या आश्रयाला असताना. सिस्टर जेराल्डीन यांना त्या प्रेमाने 'आजीबाई' म्हणत. पण मंडळीचा अधिकार निमूट मानावा असा आग्रह सुरू झाला, तेव्हा रमाबाईंनी पत्रांतून साफ कळवले की एका पुरोहितवर्गाचे जू आपण मोठ्या कष्टाने उतरवले आहे, लगेच दुसरे मानेवर घेणार नाही. तेथे प्रश्न मठाच्या व्रताचा नव्हता, पंथाच्या अधिकाराचा होता. तरी मुद्दा तोच. त्यांनी प्रेम तोडले नाही आणि मानही वाकवली नाही. पुढे केडगावी त्यांनी स्वतःच शेकडो स्त्रियांचे प्रार्थनामय घर उभे केले.

राहिला उपयोगाचा प्रश्न. त्यावर फार लिहावेसे वाटत नाही. बेथानीतील मरीयेने मोलाचे सुगंधी तेल ओतले तेव्हा शिष्यांनीही हिशेबच मांडला होता, आणि प्रभूने कोणाची बाजू घेतली हे आपण जाणतो. मंदिर न सोडता रात्रंदिवस प्रार्थना करणारी वृद्ध हन्ना संदेष्टी लूकाने आदराने नोंदली आहे. संतांकडे मध्यस्थी मागणे आपल्याला मान्य नाही. तरी १९२७ मध्ये रोमन मंडळीने मिशनकार्याचे आश्रयदाते म्हणून फ्रान्सिस झेवियर यांच्या जोडीला या तेरेजला बसवले, हे ध्यानात घेण्यासारखे आहे. एकाचे अवशेष जुन्या गोव्यात, ज्याने समुद्र पालथे घातले. दुसरी मठात गेल्यावर उंबरठ्याबाहेर पडली नाही. त्याच जुन्या गोव्यात संत मोनिकाच्या बंद मठाची १६०६ मध्ये स्थापन झालेली भव्य वास्तू आजही उभी आहे. १८३४ नंतर पोर्तुगीज सरकारने नव्या उमेदवार घेण्यास बंदी केली आणि मठ एकेका मृत्यूने रिकामा झाला. तेथेही दार कोणी बंद केले, हे पाहण्यासारखे आहे.

आपल्या मराठी मंडळ्यांचे या बाबतीत एक विसंगत वागणे आहे. सिंथिया फॅरार १८२७ मध्ये मुंबईस आल्या. अविवाहित राहून त्यांनी मुंबईत आणि अहमदनगरला मुलींच्या शाळा चालवल्या, आणि १८६२ मध्ये नगरलाच देह ठेवला. त्यांच्यानंतर कितीतरी मिसबाई आल्या. त्यांनी लग्न का केले नाही असे आपल्या आजी-पणजीने कधी विचारले नाही; उलट त्यांच्या कबरींवर फुले वाहिली. पण आपल्याच घरची मुलगी म्हणाली, "मला लग्न करायचे नाही, देवाच्या कामाला राहायचे आहे," तर? पौलाने करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्राचा सातवा अध्याय आपण तिला वाचून दाखवीत नाही. आई डोळ्याला पदर लावते, काका स्थळ आणतात, आणि दर गुरुवारी महिला मंडळात तिचे लग्न जुळावे म्हणून तिच्यासमोरच प्रार्थना होते. मठाचे दार आपण चारशे-पाचशे वर्षांपूर्वी मोडले. तिच्यासाठी दुसरे कोणते उघडले, हे ती मंडळात खाली मान घालून बसलेली मुलगी विचारीत नाही. तिला विचारण्याची रीत आपल्याकडे नाही.