पहारा कोणाचा आणि कोणावर?



गेल्या पावसाळ्यात आपल्या धर्मग्रामातील दोन बंद घरे फोडली गेली. एका घरातील सर्व मंडळी परदेशी, तर दुसऱ्या घरातील आजी मुलीकडे राहायला गेलेली. दागिने गेले, कपाटे उचकटली गेली. पण त्याहून अधिक गेली ती आपली झोप. त्यानंतर आपल्या तरुणांनी रात्रीची गस्त सुरू केली. हातात बॅटऱ्या, काठ्या आणि शिट्ट्या. रविवारी मिस्सेच्या शेवटी आम्ही त्यांचे कौतुक केले आणि तुम्ही सर्वांनी टाळ्या वाजवल्या.

तिसऱ्या आठवड्यात, रात्री दीडनंतर, या मुलांनी एका माणसाला अडवले. शेवटच्या विरार गाडीने उतरून तो चालत येत होता. पाठीवर पिशवी, बोली वेगळी. उत्तर देताना तो चाचरला. दोन थपडा बसल्या, पिशवी रस्त्यावर ओतली गेली. तिच्यातून निघाला जेवणाचा रिकामा डबा आणि कामाचे मळके कपडे. मग कोणीतरी पोलिसांना फोन लावला. हवालदार आले, चौकशी झाली आणि कळले की हा माणूस तीन वर्षे आपल्याच एका कुटुंबाच्या चाळीत भाड्याने राहतो. चर्चपासून शंभर पावलांवर राहणाऱ्या या माणसाचे नाव मुलांपैकी एकालाही ठाऊक नव्हते. आम्हालाही नव्हते.

मुलांना दोष देऊन मोकळे होणे सोपे आहे. पण टाळ्या आपण सर्वांनीच वाजवल्या होत्या. म्हणून प्रश्नही आपण सर्वांनीच स्वतःला विचारायला हवा: आपला पहारा नक्की कोणाचा आणि कोणावर?

पहारा देणे चूक आहे काय? मुळीच नाही. भीती खरी होती, चोरी खरी होती. उत्पत्तीच्या पुस्तकात काईन आपल्या भावाची राखण करण्याची जबाबदारी झटकून टाकतो आणि देव त्याला जाब विचारतो. म्हणजे राखण करणे हे आपले कर्तव्यच आहे. मात्र एक गोष्ट ध्यानात घ्यावी. तिथे राखण भावाची आहे, कपाटाची नव्हे. आपण मात्र कपाटाची राखण करता करता भावावरच पहारा ठेवू लागतो आणि हा बदल कधी झाला ते आपल्याला कळतही नाही.

तेराव्या शतकात संत थॉमस अक्वायनस यांनी ‘सुम्मा थिओलॉजिका’ या ग्रंथात संशयाविषयी बारकाईने विचार केला आहे. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे: नुकसान टाळण्यासाठी उपाय करताना वाईटात वाईट शक्यता गृहीत धरायला हरकत नाही, पण माणसाविषयी निवाडा करताना, पक्का पुरावा नसेल तर, त्याच्याविषयी चांगलेच मानावे. असे केल्याने आपण पुष्कळदा फसू, हेही ते मान्य करतात. तरीही वाईट माणसाला अनेकदा चांगले समजण्याची चूक परवडली. चांगल्या माणसाला एकदा जरी वाईट ठरवले, तरी त्याच्यावर अन्याय होतो.

हा फरक आपल्या रोजच्या जगण्यातला आहे. दाराला कुलूप लावणे, गल्लीत दिवा लावणे, कॅमेरा बसवणे, भाडेकरूची पोलिसांत नोंद करणे हे झाले उपाय. त्यात कोणाचा अपमान नाही. पण एखाद्याची भाषा, कपडे किंवा येण्याची वेळ पाहून त्याला चोर ठरवणे हा झाला निवाडा. तो करण्याचा अधिकार काठीने मिळत नाही.

काठी आणि अफवा एकत्र आल्या म्हणजे काय होते, हे आपल्या महाराष्ट्राने पाहिले आहे. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातील राईनपाडा येथे भिक्षा मागत फिरणाऱ्या नाथपंथी डवरी गोसावी समाजातील पाच जणांना मुले पळवणारे समजून जमावाने ठार मारले. १६ एप्रिल २०२० रोजी, टाळेबंदीच्या काळात, आपल्याच पालघर जिल्ह्यातील गडचिंचले येथे दोन साधू आणि त्यांचा चालक यांचा जमावाने जीव घेतला. चोर फिरत असल्याच्या अफवेने त्या भागातील गावकरी रात्री जागत होते. त्या जमावांतील पुष्कळ जण स्वतःला गावाचे राखणदारच समजत असतील. आपली मुले दोन थपडांवर थांबली, ही देवाची कृपा. पण वाट तीच होती.

मग सुरक्षितता येते कोठून? आपल्यातील वडीलधाऱ्यांना वसईतील जुन्या आळ्या आठवत असतील. फुले आणि भाजी घेऊन पहाटेच्या पहिल्या गाडीने दादरला जाणारी माणसे अंधारातच उठत. ओटीवर कोणी ना कोणी बसलेले असे. पहारा म्हणून कोणी बसत नव्हते, पण आळी जागी असे. कोण आले, कोण गेले, कोणाच्या घरी आजारपण आहे, हे सर्वांना ठाऊक असे. आज वाड्यांच्या जागी इमारती आल्या, मुले परदेशी गेली, ओट्या बंद झाल्या. कुंपणे उंच झाली आणि ओळखी कमी झाल्या.

ओळखीमुळे काय साधते, याचे एक मोठे उदाहरण भिवंडीचे आहे. १९७० आणि १९८४ साली तेथे भीषण दंगली झाल्या होत्या. १९८८ साली तेथे आलेले पोलीस उपायुक्त सुरेश खोपडे यांनी मोहल्ला कमिट्या उभ्या केल्या. दोन्ही समाजांतील साधी माणसे आणि पोलीस नियमाने एकत्र बसू लागले, लहानसहान तंटे तेथेच मिटू लागले. डिसेंबर १९९२ आणि जानेवारी १९९३ मध्ये मुंबई पेटली, तेव्हा भिवंडी शांत राहिली. पुढे १९९४ साली मुंबईतही ही चळवळ उभी राहिली आणि ज्युलिओ रिबेरो यांच्यासारख्या निवृत्त पोलीस अधिकाऱ्याने तिला आपली वर्षे दिली. त्या लोकांनी रात्री काठ्या घेऊन एकमेकांवर नजर ठेवली नाही. त्यांनी दिवसा एकमेकांची नावे जाणून घेतली.

काही जण विचारतील, “फादर, हे सर्व ठीक, पण उद्या खरोखरच चोर आला तर?” प्रश्न रास्त आहे. ११२ या क्रमांकावर फोन करावा, शिट्टी वाजवावी, शेजाऱ्यांना उठवावे. आपल्या डोळ्यांदेखत गंभीर, दखलपात्र आणि अजामीनपात्र गुन्हा घडला, तर सामान्य नागरिकही गुन्हेगाराला पकडू शकतो. मात्र विनाविलंब, जास्तीत जास्त सहा तासांच्या आत, त्याला पोलिसांच्या हवाली करावे लागते, असे आजचा कायदा सांगतो. मारण्याचा अधिकार तो कोणालाही देत नाही. एखाद्या वेळी चोर निसटेलही. ती किंमत आपण सोसली पाहिजे, कारण दुसरी किंमत निर्दोष माणसाला मोजावी लागते.

पोलिसांकडूनही आपण अपेक्षा ठेवल्या पाहिजेत. १ ऑक्टोबर २०२० पासून आपल्या भागासाठी स्वतंत्र पोलीस आयुक्तालय आहे. बीटवरील अंमलदाराने आळीत यावे, एकट्या राहणाऱ्या वृद्धांची विचारपूस करावी, तक्रार तत्परतेने लिहून घ्यावी, हे मागण्याचा आपल्याला हक्क आहे. पण आपण तरी त्यांना कधी भेटतो? बहुधा घर फुटल्यावरच.

येत्या रविवारी दुसऱ्या मिस्सेनंतर सभागृहात बैठक ठेवली आहे. गस्त बंद करायची नाही, पण काठ्या घरी ठेवायच्या. आळीत एकटे कोण राहते, भाड्याने कोण राहते, रात्रपाळीला कोण जाते, हे प्रत्येक आळीने घरोघर जाऊन, बसून, पाणी पिऊन जाणून घ्यायचे. भाडेकरूंनाही बैठकीचे आमंत्रण आहे. ते आपल्या धर्माचे असोत वा नसोत, रात्री घरी सुखरूप पोहोचण्याचा हक्क सर्वांचा सारखाच.

त्या माणसाला आम्ही आणि गस्तीवरील दोन मुले जाऊन भेटलो. मुलांनी क्षमा मागितली. त्याने चहा दिला, राग दाखवला नाही. बोलता बोलता एवढेच म्हणाला, की आता तो त्या वळणावरून एकटा येत नाही. स्टेशनवर थांबून सोबत्यांची वाट पाहतो. चोरांची भीती म्हणून नव्हे, आपली भीती म्हणून. आपण त्याच्या रात्री असुरक्षित केल्या. त्या पुन्हा सुरक्षित होतील, तेव्हाच आपली गस्त यशस्वी झाली असे आपण म्हणू या.

त्याचे नाव आता आम्हाला ठाऊक आहे. ते येथे छापत नाही. ज्यांना जाणून घ्यायचे असेल, त्यांनी त्याच्या दारी जावे.

आपले धर्मगुरू