अस्तर कुणासाठी?

हा लेख तुम्ही ज्या फोनवर वाचताय त्याला बहुतेक मागून कव्हर आहे आणि पुढे काच. म्हणजे काचेवर काच. कंपनीनं फोन पातळ आणि गुळगुळीत करायला डोकं लावलं, तुम्ही त्या गुळगुळीतपणाचे पैसे मोजले आणि पहिल्याच दिवशी त्यावर रबरी डगला चढवला. दोन-तीन वर्षांनी एक्स्चेंजला देताना कव्हर निघतं आणि आतून नवाकोरा फोन बाहेर येतो. तो तसा हातात घ्यायला मिळतो पुढच्या मालकाला.

गाडीचं तेच. शोरूममधून आलेल्या गाडीच्या सीटवरचं प्लॅस्टिक सहा सहा महिने निघत नाही. मग त्यावर कव्हर, खाली मॅटिंग, मॅटिंगवर अजून एक सुटं मॅट. घरात सोफ्यावर चादर आणि टीव्हीच्या रिमोटला पिशवी. मी यावर विनोद करणार नाही, कारण हे मध्यमवर्गीय वेडेपण आहे असं मला वाटत नाही. ज्या घरात एखादी वस्तू आयुष्यात एकदाच येते, तिथे ती जपली जाणारच. माझा प्रश्न जरा वेगळा आहे. वस्तूची झीज आपण थांबवतो तेव्हा ती खरंच थांबते, की फक्त दुसरीकडे जाते?

हा प्रश्न मला पडला एका पिकअपमुळे. आमचं गाव ईट, धाराशिव जिल्ह्यातल्या भूम तालुक्यात. शेती पावसाच्या भरवशावर, त्यामुळे अर्धं घर दुधावर चालतं. दुधाचा खवा करणाऱ्या भट्ट्या या तालुक्यात जागोजागी आहेत, आणि इथला खवा कुंथलगिरीच्या नावानं बाहेर ओळखला जातो. माझा थोरला चुलतभाऊ, दादा, पहाटे दुधाचे कॅन उचलतो, दुपारी खवा पोचवतो, हंगामात सोयाबीन आणि कांदा भरतो. गाडी सेकंडहँड घेतलेली. हौदा ठोके खाऊन खाऊन सोललेला. पण खरी अडचण केबिनमध्ये निघाली. पाय ठेवायच्या जागचं मॅट उचललं तर खालचा स्पंज ओला आणि त्याखालचा पत्रा लाल.

याचं कारण सरळ आहे. कॅन कधीतरी केबिनमध्ये ठेवावा लागतो, थोडं दूध सांडतं. दूध आंबतं, त्यात लॅक्टिक आम्ल तयार होतं, क्षार असतातच. त्यात पावसाळ्यातले चिखलाचे पाय. वरून मॅट कोरडं दिसतं, पण खालचा स्पंज पाणी धरून ठेवतो आणि लोखंडाला गंजायला पाणी आणि हवा एवढंच लागतं. म्हणजे पत्र्याचं रक्षण करायला टाकलेल्या मॅटनंच पत्रा खाल्ला. आमच्या धंद्यात याला जवळची गोष्ट म्हणजे एरर दिसू नये म्हणून ती गिळून टाकणारा कोड. स्क्रीन छान हिरवी दिसते, आतला डेटा सडत असतो.

मी पुण्यात सॉफ्टवेअरमध्ये आहे, म्हणून घरातली सगळी यंत्रं माझ्या खात्यात येतात. दादानं मोबाइलवर एक व्हिडिओ पाहिला होता. अमेरिकेत पिकअपच्या हौद्यात एक काळा, खरखरीत थर स्प्रे करतात. लाइन-एक्स, रायनो लायनिंग्ज ही त्यातली जुनी नावं. वाळल्यावर तो थर रबर आणि प्लॅस्टिक यांच्या मधला काहीतरी होतो, दगड टाकला तरी फाटत नाही. तिकडचे जीपवाले हाच थर केबिनमध्येही मारतात. आतला गालिचा काढून टाकायचा, फरशीवर स्प्रे करायचा आणि चिखल झाला की पाण्याचा पाइप लावून केबिन धुऊन काढायची. दादाला ते धुऊन काढणं फार आवडलं.

काकांना नाही आवडलं. त्यांचं म्हणणं, "आतून डांबर फासल्यावाणी गाडी कोण घेईल उद्या?" दादा म्हणाला, "इकायला न्हाई घेतली, चालवायला घेतलीय."

हे भांडण आमच्या ओट्यापेक्षा बरंच जुनं आहे. अ‍ॅरिस्टॉटलनं 'पॉलिटिक्स'च्या पहिल्या भागात पादत्राणाचं उदाहरण दिलंय. ते पायात घालता येतं आणि बदल्यात देताही येतं. दोन्ही त्याचेच उपयोग, पण ते बनवलं गेलं पायात घालण्यासाठी. काका गाडीकडे बदल्यात द्यायची वस्तू म्हणून पाहत होते, दादा पायात घालायची म्हणून. सीटवरचं प्लॅस्टिक पहिल्या जातीचं अस्तर, ते उद्याच्या गिऱ्हाइकासाठी. स्प्रेचं अस्तर दुसऱ्या जातीचं, कारण ते एकदा मारलं की गाडीनं नवं दिसण्याचा नाद सोडला. माझं मन इथपर्यंत पूर्णपणे दादाच्या बाजूला होतं.

आणि त्या कामाची रीत वाचली तेव्हा ते आणखी पटलं. हा थर गुळगुळीत रंगावर धरत नाही. आधी सीट काढायच्या, मॅट-स्पंज फेकायचे, तेलकटपणा थिनरनं पुसायचा, गंज लोखंड उघडं पडेपर्यंत घासायचा, आणि मग शाबूत असलेला चांगला रंगसुद्धा जाड पॉलिश पेपरनं ओरखडून काढायचा. त्या ओरखड्यांतच थर रुततो. सीटच्या बोल्टांची भोकं, वायरिंग, पाणी निघून जायच्या जागा टेपनं झाकायच्या. पाण्याची वाट थराखाली बुजली तर धुतलेलं पाणी आतच थांबतं. गंज नीट न काढता वरून मारलं तर गंज खाली चालूच राहतो, आणि आता तो दिसतही नाही. म्हणजे काम प्रामाणिक केलं तरच अस्तर. नाहीतर ते ओल्या स्पंजचं महाग रूप.

मग मी त्या थरात काय असतं ते वाचलं.

दोन डबे असतात. एकात राळ, दुसऱ्यात हार्डनर. हार्डनरमध्ये आयसोसायनेट नावाच्या गटातली रसायनं असतात. दोन्ही एकत्र आली की पॉलीयुरेथेन किंवा पॉलीयुरिया तयार होतं. पॉलीयुरेथेनची वाट 1937 साली जर्मनीत ओटो बायर यांनी काढली. तुमच्या गादीतला फोम आणि बुटाचा तळवा त्याच घराण्यातला. वाळलेला थर निरुपद्रवी असतो. प्रश्न गनमधून निघणाऱ्या धुक्याचा आहे. आयसोसायनेट हे कामातून होणाऱ्या दम्याच्या मोठ्या कारणांपैकी एक मानलं जातं. त्याचा स्वभाव असा की शरीर एकदा त्याला बिथरलं, की पुढे अगदी किंचित प्रमाणानंही छाती आवळते आणि ते बिथरणं सहसा परत जात नाही. त्या माणसाला तो धंदा सोडावा लागतो. पुष्कळदा त्रास कामावर नाही, रात्री घरी गेल्यावर सुरू होतो, त्यामुळे दोष थंडीला किंवा धुळीला जातो. वास येईपर्यंत हवा सुरक्षित पातळीच्या पुढे गेलेली असू शकते, म्हणून नाकावर भरवसा नाही. यासाठी बाहेरून नळीनं स्वच्छ हवा पुरवणारा मास्क वापरायचा असतो.

भोपाळमध्ये 2 आणि 3 डिसेंबर 1984 च्या रात्री जो वायू सुटला त्याचं नाव मिथाइल आयसोसायनेट. लायनरमधलं रसायन ते नव्हे, ते त्याच्या कितीतरी पटींनी कमी उडणारं असतं, आणि या दोन गोष्टी सारख्या म्हणणं खोटेपणा होईल. पण नाव वाचून मी थांबलो, हे खरं.

आमच्या भागातल्या एका शेडमध्ये चौकशीला गेलो. काम चांगलं होतं, हात साफ होता. स्प्रे मारणारा पोरगा विशीच्या आसपासचा, तोंडाला रुमाल. हौदा उघडा तरी असतो, पण केबिन म्हणजे बंद डबा. तिच्यात वाकून, डोकं डॅशबोर्डखाली घालून, फरशीच्या कोपऱ्यात गन धरायची. हवेच्या मास्कचं विचारलं तर मालक म्हणाले, "रुमाल हाय की." दोन-तीन माणसांच्या शेडला कारखान्यांचा कायदा साधारणपणे लागत नाही, तिथे तपासायलाही कुणी येत नाही. मालक काही दुष्ट वाटले नाहीत. उद्या पोरगा आजारी पडला तर ते स्वतः त्याला दवाखान्यात नेतील असा माणूस होता.

इथे मला माझ्या प्रश्नाचं उत्तर मिळायला लागलं. पत्रा पंधरा वर्षं झिजणार नव्हता, पण झीज संपणार नव्हती. ती पत्र्यावरून उठून त्या पोराच्या छातीत जाऊन बसायची शक्यता होती. आणि दोन्हीकडे ती कायमची. थराची जाहिरातच 'एकदा मारा, विसरून जा' अशी असते. छातीच्या बाबतीत फक्त विसरणं आपल्या वाट्याला येतं.

जुन्या काळी हे नव्हतं, असं म्हणायचा मोह होतो. आपल्याकडे आतल्या अस्तराची एक सुंदर परंपरा होती, कल्हई. तांब्या-पितळेच्या भांड्यात ताक, चिंचेचं सार कळकायचं, म्हणून आतून कथलाचा पातळ थर द्यायचा. कथील 232 अंशांना वितळतं, त्यामुळे रस्त्याकडेला खड्डा आणि भाता असला की काम होतं. थर झिजायचा, कल्हईवाला पुन्हा यायचा. कायमचं काहीच नाही, दरवर्षी नवं. मला ही कल्पना फार आवडते, पण नवसागर तापल्या भांड्यावर पडला की जो पांढरा धूर उठायचा त्यात अमोनिया आणि हायड्रोक्लोरिक आम्लाची वाफ असते. तो धूर बघायला आम्ही पोरं गोळा व्हायचो. कल्हईवाला त्यात दिवसभर बसायचा.

सारवणाचंही तसंच. आमच्या जुन्या घराची मातीची जमीन कधी उखडली नाही, याचं कौतुक अजून होतं. आठवड्याला शेणाचा हात फिरायचा, जमीन नवी. झिजले ते आजीचे गुडघे. म्हातारपणी तिला मांडी घालता येत नव्हती, हे जमिनीच्या कौतुकात कुणी सांगत नाही.

म्हणजे झीज हलवणं नवीन नाही. अस्तर म्हणतात ते बहुतेक वेळा झिजेचा पत्ता बदलण्याचं काम असतं. फोनच्या बाबतीत पत्ता तुमचाच: न अनुभवलेला गुळगुळीतपणा हे तुमचं नुकसान, पुढच्याचा फायदा. तो तुमचा तुम्ही घेतलेला निर्णय, त्यात मला नैतिक अडचण दिसत नाही. अडचण तिथे सुरू होते जिथे नवा पत्ता असलेल्या माणसाला कुणी विचारलेलंच नसतं, आणि पंधरा वर्षांचा हिशोब करताना त्याचं नाव कुठल्याच रकान्यात नसतं.

मी हे दादाला सांगितलं. त्यानं शांतपणे ऐकलं आणि म्हणाला, "मी रोज ज्या भट्टीवर खवा उचलतो तिथं बाई धुरात बसलेली आसती. किलोभर खव्याला चार-पाच लिटर दूध आटवायचं, तवर ती धूरच खाती. तिचं काय? तू दिवाळीला गुलाबजाम खातूस ते?"

याला माझ्याकडे पूर्ण उत्तर नाही. कुठलीही वस्तू उलटी करून पाहिली तर खाली कुणाचा तरी श्वास दिसतो, हे त्याचं म्हणणं बरोबरच आहे. पण त्यातून 'मग सगळंच सारखं' हे निघतं असं मला वाटत नाही. भट्टीचा धूर मी सुरू केलेला नाही, माझ्या एकट्याच्या नाहीनं तो थांबणारही नाही. इथे मात्र काम माझ्या सांगण्यावरून होणार होतं, नुकसान काय ते मला माहीत झालं होतं, आणि ते टाळायची वाटही माहीत होती. ज्याला माहीत आहे त्याच्यावर माहीत नसलेल्यापेक्षा जास्त भार येतो. भट्टीतल्या बाईचा भार त्यामुळे माझ्यावरून उतरत नाही, एवढं दादानं त्या दिवशी मला चिकटवून दिलं. पोराला काम नाकारून त्याचं भलं होतं असंही नाही. त्याला रोजगार हवाय. आम्ही मास्कचा खर्च देऊ म्हणालो. मालक हसून म्हणाले, तुमच्या एका गाडीनंतर तो खुंटीलाच लटकणार. ते खोटं नव्हतं.

शेवटी दुसरी वाट निघाली. हाच प्रकार रोलरनं लावायच्या रूपातही मिळतो. त्याचं धुकं उडत नाही, वाफ मात्र राहते, म्हणून तो उघड्यावरच करायचा. टेक्स्चर स्प्रेइतकं एकसारखं येत नाही आणि वेळ फार लागतो. आम्ही हौदा तसा केला, घरामागच्या मोकळ्या जागेत, हातमोजे आणि मास्क घालून. फाळक्याच्या आतल्या बाजूला रोलरचे पट्टे सरळ दिसतात. केबिनमध्ये तो प्रकार केलाच नाही. गंज काढून प्रायमर मारला, रंग दिला आणि वर स्पंजाशिवाय नुसतं सुटं रबरी मॅट टाकलं. दर रविवारी ते काढून भिंतीला टेकवून वाळवायचं, खालची फरशी पुसायची. रविवारी दादा हे करतो, कधी त्याची मुलगी करते. काका अजूनही म्हणतात की सीटवर प्लॅस्टिक असतं तर गाडी उठून दिसली असती.

दोन हात मारून थर वाळेपर्यंत गाडी चार दिवस उभी राहिली. शेडमध्ये एका दिवसात झालं असतं. तीन दिवसांची भाडी बुडाली ती दादानं वहीत माझ्या नावावर लिहिली, आणि मी ती दिली.