फुकटचे होमार्पण

मननासाठी शास्त्रपाठ : २ शमुवेल २४:१८-२५



बेंगळुरूच्या उत्तरेस हेब्बाळ येथे माझे वास्तव्य आहे. माझ्या मेजासमोरच्या खिडकीतून उड्डाणपुलावरची वाहनांची रांग दिसते आणि तिच्या पलीकडे तळ्याचा एक तुकडा. मराठी ख्रिस्ती कुटुंबे येथे थोडीच. बहुतेक नोकरीनिमित्त अहमदनगर, पुणे, सोलापूर, मिरज या भागांतून आलेली. महिन्यातून दोन रविवारी सायंकाळी आम्ही कोणाच्या तरी घरी जमतो, मायबोलीत गातो, प्रार्थना करतो. उरलेले दिवस माझे शास्त्राच्या भाषांतरात जातात.

गेल्या वर्षी आमच्या संगतीतील एका तरुणाने, निव्वळ प्रेमापोटी, माझ्या अँड्रॉइड फोनवर यूट्यूबचे एक बदललेले ॲप बसवून दिले. "काका, आता मध्ये जाहिराती येणार नाहीत आणि पैसेही भरावे लागणार नाहीत," असे तो म्हणाला. मला आनंद झाला. इब्री व्याकरणावरील व्याख्याने आणि पवित्र भूमीतील उत्खननांची चित्रणे पाहताना दर पाच मिनिटांनी साबणाची जाहिरात येऊन माझी तंद्री मोडत असे. ती कटकट संपली. पुढे सहा-सात महिने मी ते ॲप वापरले. प्रार्थनासभेत त्यावरूनच चित्रफिती दाखविल्या. मी स्वतःला प्रामाणिक मनुष्य समजत होतो, हेही येथे नमूद करून ठेवतो.

हे ॲप तयार कसे होते, ते मी नंतर त्याच तरुणाकडून समजून घेतले. मूळ कंपनीने बनविलेल्या ॲपची फाइल कोणीतरी उलगडतो. जाहिराती दाखविणारा भाग आणि 'या मनुष्याने वर्गणी भरली आहे काय' असे विचारणारा भाग तो काढून टाकतो किंवा निकामी करतो, आणि फाइल पुन्हा बांधतो. अँड्रॉइडमध्ये प्रत्येक ॲपवर त्याच्या कर्त्याची डिजिटल सही असावी लागते. मूळ सही या माणसाजवळ नसते, म्हणून तो आपली सही करतो. असे ॲप प्ले स्टोअरवर मिळत नाही. 'अज्ञात स्रोतां'ना परवानगी देऊन ते बाहेरून बसवावे लागते. या जातीतले 'व्हॅन्स्ड' नावाचे ॲप जगभर नावाजलेले होते. गूगलकडून कायदेशीर इशारा मिळाल्यावर त्याच्या कर्त्यांनी मार्च २०२२ मध्ये ते बंद केले, आणि त्याच्या जागी लवकरच दुसरी उभी राहिली. चित्रपटांच्या व मालिकांच्या वर्गणीच्या सेवांची अशीच 'उघडलेली' ॲपे हातोहात फिरतात.

दुकानाबाहेरून ॲप बसविणे यात मुळीच पाप नाही, हे येथेच सांगितले पाहिजे. पुष्कळ सज्जन कारागीर आपली ॲपे सर्वांना मोकळी देतात, त्यांत बदल करण्याची मुभाही देतात. कर्त्याने मुभा दिली तेथे वाद संपला. ज्याने ती दिली नाही, त्याच्याविषयी आपण बोलत आहो.

आता मूळ शास्त्रपाठाकडे येतो. तो मी व्यासपीठासाठी निवडला नव्हता. भाषांतराच्या क्रमात तो समोर आला. दाविदाने केलेल्या शिरगणतीमुळे देशात मरी पडली आहे, सत्तर हजार माणसे मेली आहेत. गाद संदेष्टा राजाला सांगतो की यबूसी अरवना याच्या खळ्यात परमेश्वरासाठी वेदी बांध. अरवना उदार आहे. तो म्हणतो, महाराज, होमार्पणासाठी बैल घ्या, लाकडांसाठी मळणीची अवजारे व जू घ्या, सगळे तुमचेच. दावीद नाकारतो. मी किंमत देऊनच घेईन. मला ज्याचा काही खर्च पडला नाही ते माझ्या देवाला अर्पिणार नाही, असा त्याच्या उत्तराचा आशय आहे. पन्नास शेकेल रुपे मोजून तो खळे आणि बैल विकत घेतो.

'ज्याचा काही खर्च पडला नाही' यासाठी इब्रीत एकच शब्द आहे : 'हिन्नाम'. मराठीत त्याला किती शब्द लागतात! कोठे 'फुकट', कोठे 'विनामूल्य', कोठे 'निष्कारण'. हा शब्द जेथे जेथे येतो ती स्थळे मी सवयीप्रमाणे काढून पाहू लागलो, आणि तो दिवस माझ्यासाठी जड गेला.

उत्पत्ती २९:१५ मध्ये लाबान याकोबाला विचारतो की तू माझा आप्त आहेस म्हणून माझी चाकरी हिन्नाम करावीस काय? वेतन सांग. पुढे याकोबाला पुरेपूर फसविणाऱ्या त्या माणसालाही निदान प्रश्न बरोबर सुचला होता. ईयोब १:९ मध्ये सैतान परमेश्वराला टोमणा मारतो : ईयोब काय हिन्नाम देवाचे भय बाळगतो? आणि यिर्मया २२:१३. यहोयाकीम राजा प्रशस्त वाडा बांधतो आहे, त्याला गंधसरूची तक्तपोशी करतो, शेंदरी रंग देतो, रुंद खिडक्या ठेवतो. आणि आपल्या शेजाऱ्याकडून हिन्नाम काम करून घेतो, त्याची मजुरी देत नाही. संदेष्टा त्याला 'हायहाय' म्हणतो. वाड्याच्या सौंदर्याविषयी त्याची तक्रार दिसत नाही. तक्रार मजुरीची आहे.

त्याच आठवड्यात आमच्या प्रार्थनासभेनंतर एक मुलगी माझ्याजवळ थांबली. ती नोकरी सांभाळून मराठी भजने स्वतः रचते, गाते, आणि यूट्यूबवर ठेवते. पेटीवाला, तबलजी, ध्वनिमुद्रण यांचा खर्च ती पगारातून करते. यूट्यूबची पद्धत अशी आहे की योजनेत सामील झालेल्या निर्मात्याला त्याच्या दीर्घ चित्रफितींवरील जाहिरातींच्या उत्पन्नापैकी ५५ टक्के मिळतात. वर्गणीदार पाहतात तेव्हा वर्गणीतूनही वाटा मिळतो. जाहिरात कापून, वर्गणी न भरता कोणी पाहिले, तर तिच्या पदरात काहीच पडत नाही. ती हसत म्हणाली, "काका, आपल्या मंडळीतले सगळे माझी भजने ऐकतात, पण आपल्या मंडळीतून मला एक पैसा येत नाही. सगळ्यांच्या फोनवर तेच ॲप आहे."

ती रागावली नव्हती. सहज बोलून गेली आणि चहाचे कप उचलू लागली. मी मात्र घरी येईपर्यंत बोललो नाही. तिची भजने मी पहाटे ऐकत असे, कित्येकदा डोळे भरून येत असत. देवासमोर मी जे अश्रू ठेवीत होतो, त्यांच्या खालची मजुरी मी बुडविली होती. शेजाऱ्याकडून हिन्नाम काम.

यावर एक आक्षेप येतो, आणि तो ख्रिस्ती माणसाकडूनच येतो, म्हणून थोडे थांबू. तारण फुकट आहे ना? रोमकरांस पत्र ३:२४ सांगते की आपण देवाच्या कृपेने फुकट नीतिमान ठरतो. तेथील ग्रीक शब्द 'दोरेआन'; आणि इब्री शास्त्राचे जुने ग्रीक भाषांतर करणाऱ्यांनी दाविदाच्या व सैतानाच्या तोंडच्या 'हिन्नाम'साठी हाच शब्द योजला आहे. मत्तय १०:८ मध्ये प्रभू शिष्यांना सांगतो की तुम्हांला फुकट मिळाले, फुकट द्या. तेथेही तोच शब्द. मग ख्रिस्ती माणसाने फुकटाला एवढे का भ्यावे?

शब्द एक आहे, हात दोन आहेत. कृपा फुकट आहे, कारण देणाऱ्याने आपल्या हाताने दिली आणि किंमत स्वतः सोसली. वधस्तंभ फुकट नव्हता. प्रभूने 'फुकट द्या' म्हटले ते ज्याच्याजवळ देण्याजोगे आहे त्याला. दुसऱ्याच्या टोपलीत हात घालून 'फुकट घ्या' असे त्याने कोणाला सांगितलेले माझ्या वाचनात नाही. दाविदाची गोष्ट तर याहून पुढची आहे. अरवना स्वखुशीने देत होता, तरी दाविदाने घेतले नाही. आपल्याला येथे कोणी दिलेलेही नाही.

पंडिता रमाबाईंची आठवण मला अशा वेळी होते. मूळ इब्री व ग्रीक भाषांवरून त्यांनी शास्त्राचे मराठी भाषांतर केले. ५ एप्रिल १९२२ रोजी त्या प्रभूकडे गेल्या, आणि संपूर्ण ग्रंथ १९२४ साली केडगावच्या मुक्ती मिशनच्या छापखान्यातून निघाला. खिळे जुळविण्यापासूनचे छपाईचे काम आश्रमातील स्त्रियांनी केले. आज आपल्या फोनवर पवित्र शास्त्र विनामूल्य उघडते. २००८ साली सुरू झालेले 'यूव्हर्जन' हे ॲप त्यासाठी पैसा मागत नाही, जाहिरातही दाखवीत नाही. तेथे एका मंडळीने आणि पुष्कळ देणगीदारांनी तुमच्यामाझ्या वतीने किंमत भरली आहे. त्याला मी निःशंकपणे हात लावतो.

आणखी एक गोष्ट सांगणे मला कठीण जाते, पण सांगतो. काही वर्षांपूर्वी मी भाषांतरित केलेली एक पुस्तिका कोणीतरी परवानगीवाचून छापली, माझे नावही गाळले. मी संतापलो होतो. स्वामित्वहक्काच्या कायद्याचे, १९५७ च्या, कलम काढून मी खरमरीत पत्र लिहिले होते. अनुवाद २५:१३ मध्ये पिशवीत दोन वजने ठेवू नका अशी आज्ञा आहे. इब्रीत अक्षरशः 'दगड आणि दगड', एक मोठा, एक लहान. माझ्या श्रमांसाठी मोठा दगड, त्या मुलीच्या श्रमांसाठी लहान. पिशवी कसली, सदऱ्याचा खिसाच.

कायद्याविषयी थोडक्यात. त्याच कायद्याच्या ६३ व्या कलमात जाणूनबुजून हक्कभंग करणाऱ्यास सहा महिने ते तीन वर्षे कैद व पन्नास हजार ते दोन लाख रुपये दंड आहे. २०१२ च्या दुरुस्तीने संरक्षक कुलूप मोडणाऱ्यासाठी ६५अ हे कलम आले. नुसते पाहणारा त्यात कितपत सापडतो, हा प्रश्न वकिलांचा आहे. धोक्याचेही तसेच. बदललेल्या ॲपांतून चोरटे प्रोग्राम शिरतात : २०२१ साली व्हॉट्सॲपच्या एका बदललेल्या आवृत्तीत 'ट्रायडा' आणि २०२४ साली स्पॉटिफायच्या एका बदललेल्या आवृत्तीत 'नेक्रो' नावाचा प्रोग्राम कॅस्परस्की या कंपनीच्या तपासनिसांना आढळला. ज्या फोनवर बँकेचे संदेश येतात त्यावर अनोळखी माणसाची सही असलेले ॲप ठेवणे शहाणपणाचे नाही. तथापि केवळ भीतीने चोरी सोडली, तर निर्धोक चोरी मिळताच ती परत सुरू होईल.

एका पाळकबंधूंनी या विषयावर प्रकटीकरण २२:१८ लावून उपदेश केल्याचे ऐकले : शब्दांत भर घालणाऱ्यावर पीडा येतील, म्हणून ॲपात बदल करू नका! हेतू चांगला, पण ते वचन त्या भविष्यग्रंथाविषयी आहे. त्याला फोनच्या मागे धाडणे मला रुचत नाही.

"काका, गरिबांनी काय करावे?" असे त्या तरुणाने मला विचारले. प्रश्न रास्त आहे. यूट्यूबची एका माणसाची वर्गणी २०२४ साली भारतात महिना १२९ रुपयांवरून १४९ झाली. निवृत्तिवेतनावर जगणाऱ्या घराला तेवढेही जड जाते. पण तेथे जाहिराती पाहण्याचा सरळ मार्ग मोकळा आहे. जाहिरात ही आपल्या वेळेच्या नाण्यांत दिलेली किंमतच आहे, आणि गरिबाजवळचे ते नाणे निर्मात्याला चालते. ज्या सेवांना वर्गणीवाचून दारच नाही, तेथे काही गोष्टी पाहिल्यावाचून राहाव्या लागतील. आम्ही लहानपणी कित्येक चित्रपट भित्तिपत्रकांवरच पाहिले.

इफिसकरांस पत्र ४:२८ मध्ये पौल चोराला नुसते 'थांब' म्हणत नाही. हातांनी काम कर, म्हणजे गरजवंताला द्यायला तुझ्याजवळ काही असेल, असे तो सांगतो. म्हणून पुढच्या सभेत, प्रार्थनेपूर्वी, मी सर्वांसमोर माझे कबूल केले आणि ते ॲप तेथेच काढून टाकले. त्या मुलीच्या पुढील ध्वनिमुद्रणातील तबलजीचा खर्च मी उचलीन असे सांगितले. ती संकोचली, "काका, असे काही म्हणायचे नव्हते मला," म्हणाली. तिघांनी आपली ॲपे त्याच रात्री काढली. काहींनी अजून काढलेली नाहीत, आणि मी त्यांचे फोन तपासत नाही. तो तरुण आता मूळ ॲप परत बसविण्यास वडीलधाऱ्यांना मदत करतो, आणि साबणाची जाहिरात लागली की माझ्याकडे पाहून हसतो.

भाषांतराचे म्हणाल, तर २ शमुवेल २४:२४ च्या कच्च्या खर्ड्यात मी 'फुकट' हाच शब्द लिहिला आहे. परीक्षक मंडळातील एका ज्येष्ठ सभासदांना तो राजाच्या तोंडी ग्राम्य वाटतो. 'विनामूल्य' घ्यावा असे त्यांचे मत आहे. पुढच्या महिन्यात बैठक आहे. मी 'फुकट'साठी आग्रह धरणार आहे.