चिमूटभर लाल भाजी

बसा. खाली, जमिनीवरच बसा.

रायपूरच्या ब्राह्मणपाऱ्यातलं एखादं जुनं अंगण डोळ्यांसमोर आणा. बाहेर गल्लीतून स्कूटर जाते. जाऊ द्या. तिचा आवाज विरेपर्यंत ऐका.

आता श्वास घ्या. सोडा.

समोर सहा वर्षांचं एक मूल उकिडवं बसलं आहे. त्याचा तळवा उघडा आहे. तळव्यावर लाल भाजीचं, म्हणजे लाल माठाचं, बी.

पाहा. काळं, चकचकीत, मोहरीहूनही बारीक.

हाताच्या रेघेत दोन-चार दाणे अडकलेत. मूल फुंकर मारत नाही. थांबतं.

तुम्हीही थांबा.

इतकं बारीक बी एकाच जागी भसकन पडतं. म्हणून त्यात मूठभर कोरडी माती कालवायची. माती इथलीच, पिवळसर मटासी. कुणाकडे काळी कन्हार असते. ती ओली झाली की बोटं सोडत नाही.

सोडवू नका. हात धुवायची घाई मोठ्यांनाच फार.

मुलांच्या हातांवर असाच भरवसा ठेवून 1945 साली शिक्षणतज्ज्ञ ताराबाई मोडक महाराष्ट्रातल्या बोर्डी गावात बालशिक्षणाचं काम सुरू करतात. सोबत अनुताई वाघ. महागड्या साधनांऐवजी मुलांच्या हातात शिंपले, पानं, बिया येतात. पुढे कोसबाडला तर शाळाच गुरं राखणाऱ्या मुलांमागे कुरणात जाते.

एवढं आठवा, आणि पुन्हा तळव्याकडे या.

मूल चिमूट उचलतं. अंगठा बोटावर घासतो. बी पडतं.

कान द्या. काहीच ऐकू येत नाही.

वरून मातीचा अगदी पातळ थर. झारीचं पाणी, हळू. ओल्या मातीचा वास येतो. तो आत घ्या.

आता बी दिसत नाही. नुसती माती.

तिथेच राहा.

मूल विचारतं, उगवलं का? उत्तर देऊ नका. त्याच्याशेजारी बसून पाहा. श्वास आत. श्वास बाहेर.

चार-पाच दिवसांत लालसर कोंब वर येतात. मधेच मूल उकरून बघतं. एखादा कोंब मोडतो. मोडू द्या, बी पुष्कळ आहे.

भाजी खुडायला महिना लागतो. तुम्ही शिक्षक असाल, तर तोवर रोज दहा मिनिटं मुलांना वाफ्यापाशी बसू द्या. आणि त्या दहा मिनिटांत काही शिकवू नका.